खजिनदाराचा राजीनामा

ऐरोलीतल्या एका चार मजली सोसायटीचे नंदकिशोर साळसकर सात वर्षं खजिनदार होते. पावतीशिवाय दहा रुपयेही न सोडणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. त्याच माणसाच्या पाकिटात चार क्रेडिट कार्डं होती, आणि एकाचं बिल दुसऱ्यातून भरता भरता कर्ज सात लाखांवर गेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने त्यांचा पगार कापला. घरी सांगायचा धीर झाला नाही. मुलगी क्षिप्रा नुकतीच फिजिओथेरपीच्या कॉलेजला लागलेली. तिची फी कार्डावर गेली. मग किराणा गेला, विम्याचा हप्ता गेला. बिलावर छापलेली किमान रक्कम भरली की महिनाभर फोन येत नसत. मुद्दल मात्र जागचं हलत नव्हतं. आता तर किमान रकमेचेही वांधे झाले होते.

एका रविवारी सकाळी फोन आला, उद्या कार्डाच्या वसुलीचा माणूस तुमच्या ऑफिसात येणार. दुपारी नंदकिशोर सोसायटीची कागदपत्रं काढून बसले. रंगकामासाठी जमवलेले चार लाख बँकेत पडून होते. अध्यक्ष बाबासो पाटील कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवत, इतका त्यांचा नंदकिशोरांवर भरवसा. रंगकाम दिवाळीनंतर. तोवर परत टाकले तर कोणाला कळणार?

त्यांनी तसा एक चेक घेऊन रकमेच्या जागी दोन लाख लिहिलं. स्वतःचं नाव लिहिताना मात्र ते अर्ध्यावर थांबले. मग चेकवर आडव्या रेघा मारून उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

स्मिता कैऱ्या किसत होती. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, चेकसकट. तिने किसणी बाजूला ठेवली.

"दोन वर्षं तुम्ही माझ्याशी धड बोलत नव्हता," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुमचं माझ्यावरचं मनच उडालंय."

तिने डोळे पुसले, हात धुतले.

"संध्याकाळी कमिटीची मीटिंग आहे ना? मी पण येते."

मीटिंगमध्ये त्यांनी रद्द केलेला चेक बाबासोंपुढे ठेवला आणि राजीनामा दिला. कारणही सांगितलं. बाबासोंनी चेक हातात घेऊन खालची आपली सही पाहिली.

"राजीनामा घ्यावा लागेल, साळसकर," ते म्हणाले. "आणि कोऱ्या चेकवर सह्या करणं ही चूक माझी."

ते ऐकून नंदकिशोरांना लागलं. पण छातीवरचं ओझंही उतरल्यासारखं वाटलं.

सेक्रेटरी चारुलताबाई बँकेतून निवृत्त झालेल्या. जाताना त्यांनी दोघांना थांबवलं.

"सगळी स्टेटमेंटं घेऊन आत्ताच माझ्या घरी या. आणि उद्या तो माणूस आला तर आधी त्याचं ओळखपत्र आणि बँकेचं पत्र मागा. ऑफिसात आवाज चढवला तर लेखी तक्रार करायची. घाबरायचं काय त्यात?"

दुसऱ्या दिवशी ओळखपत्र आणि पत्र मागितल्यावर वसुलीचा माणूस आवाज न चढवता परत गेला. पुढच्या आठवड्यात कार्डं कापली गेली. चारही बँकांना अर्ज गेले. दोन बँकांनी थकबाकीचे ठरावीक हप्ते करून दिले, तेही कमी व्याजावर. तिसरीने तीनदा नकार दिल्यावर वरच्या अधिकाऱ्याने मान्य केलं. चौथी मात्र अडूनच बसली. स्मिताने स्वतःची रिकरिंग ठेव मोडून त्या चौथीचं, सगळ्यात महागडं कार्ड फेडलं, आणि क्षिप्राने सुट्टीत एका क्लिनिकमध्ये काम धरलं. साडेचार वर्षं लागणार होती. पण आता शेवटचा हप्ता कोणत्या महिन्यात आहे, हे घरात तिघांनाही ठाऊक होतं.

जूनमध्ये एका संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचा विपुल दारात आला. जेमतेम तिशीचा, आयटी पार्कात नोकरीला. त्याच्या हातात कागदांनी फुगलेली पिशवी होती.

"काका, तुमचं कळलं मला," तो खाली बघत म्हणाला. "माझी पाच कार्डं आहेत. बायकोला माहीत नाही."

नंदकिशोरांनी त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"बस. कागद आपण बघू. पण आधी तिला फोन लाव, तिलाही इथेच बोलव."