यंत्राच्या तोंडावरची जाळी

मी लोखंडाची जाळी. डब्यांची झाकणं ठोकणाऱ्या प्रेसच्या तोंडावर मला बसवतात. माणसाचा हात आत जाऊ द्यायचा नाही, एवढंच माझं काम.

पण मुकादमांनी मला पहिल्याच आठवड्यात काढलं आणि खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगलं. माझ्यामुळे हात सावकाश चालतो म्हणे. तपासणीला सरकारी खात्याचे साहेब यायचे, पण आधी निरोप यायचा. मग माझी धूळ पुसून चार बोल्ट आवळायचे. साहेब दारातूनच बघून सही करायचे. गाडी फाटकाबाहेर पडली की मी पुन्हा खिळ्यावर. दाखवायचे दात म्हणतात ना, ते मीच.

प्रेसवर मावशी बसायच्या. सगळा कारखाना त्यांना मावशीच म्हणायचा. एका दुपारी झाकण अडकलं, ते काढायला त्यांनी हात घातला आणि प्रेस खाली आली. एक बोट गेलं. कागदावर लिहिलं गेलं, ‘घरी पडल्या.’ मी चार हातांवर होते आणि नुसती बघत राहिले.

पुढे खात्याने निरोप धाडणं बंद केलं. एका सकाळी नव्या निरीक्षक बाई थेट आत आल्या. मुकादमांनी खुर्ची पुढे केली, पण त्या बसल्या नाहीत. त्यांनी प्रेसवरची बोल्टची भोकं पाहिली. त्यांत गंज साचला होता. मग त्यांनी एकेका कामगाराला अंगणात बोलावलं आणि मुकादमांना आतच थांबायला सांगितलं.

मावशी माझ्या खिडकीखालीच उभ्या होत्या. तो हात पदराआड धरून. घर त्यांच्याच कामावर चालत होतं.

“तुमचं नाव कुठेही येणार नाही,” बाई हळूच म्हणाल्या. “बोट घरी गेलं का?”

“नाही हो बाई. इथेच गेलं. जाळी भिंतीवर होती.”

त्याच दिवशी प्रेसला सील लागलं. मला पक्कं बसवल्यावरच ते निघालं, आणि मुकादमांनी झाकणं काढायला लांब चिमटाही आणला. पंधरा दिवसांनी बाई पुन्हा आल्या, न सांगता. मी जागेवरच होते.

परवा झाकण अडकलं. मावशींचा हात जुन्या सवयीने पुढे आला आणि माझ्यावर आपटला. आत प्रेस नुसत्या झाकणावर खाली आली. मावशी हात चोळत हसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, “लागलं गं थोडंसं.”

एवढं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

बाईंचीही उद्या कधीतरी बदली होईल. त्यांच्या जागी जे कोणी येतील, त्यांनीही असंच अवचित यावं.