पिसाची साक्ष

शिकलेला जावई मिळावा म्हणून मी कधी मेणबत्ती लावली नव्हती. तो सोस माझ्या नवऱ्याचा. पॅरिसहून शिकून आलेला गोशे आमच्या गावच्या शाळेत तर्कशास्त्र शिकवायला लागला, आणि नवऱ्यानं आमची पेरेनेत त्याला देऊन टाकली. माणूस वाईट नाही. पिणं बेताचं, बायकोवर हात कधी उगारला नाही. पण तोंड! मागल्या उन्हाळ्यात गारा पडू नयेत म्हणून सगळं गाव देवळाची घंटा बडवत होतं. हा शहाणा शेजारच्या गावी जाऊन विचारून आला, तुम्हीही घंटा वाजवली होती का, आणि तरी गारा पडल्या का. पडल्या होत्या. हे त्यानं भर चौकात सांगितलं. तेव्हापासून आमचे पाद्री त्याला बघितलं की रस्ता बदलतात.

आणि ह्याच माणसाला बरोबर घेऊन मला बर्फातून कडा चढायचा होता.

पेरेनेतला मुलगी झाली ती मेलेलीच. सुईणीनं तिला उलटी धरली, चापट्या मारल्या, ओठांवर वाइनचा थेंब सोडला. काही उपयोग झाला नाही. एक श्वास जरी घेतला असता तरी सुईणीनंच पाणी घालून बाप्तिस्मा दिला असता. बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या लेकराला स्वर्ग नाही. आईला ते मेल्यावरही भेटत नाही. त्याला पुरतातसुद्धा कबरस्तानाच्या भिंतीबाहेर, फाशी गेलेल्यांच्या शेजारी. पेरेनेत तापानं फणफणली होती. अन्नाला शिवत नव्हती. सारखं एकच विचारायची, "कुठं ठेवणार तिला?"

अशा लेकरांसाठीच कड्यावरची मरियामाता आहे. तिच्या पायाशी नेलं की ती लेकराला घटकाभर जीव देते. ओठांवर ठेवलेलं पीस हलतं, तेवढ्यात तिथले पाद्री पाणी घालतात, आणि लेकरू सुटतं. हे मला कुणी सांगायला नको. पेरेनेतच्या आधीचा माझा लिएनार असाच झाला होता. त्याला मी स्वतः वर नेलं होतं. पीस हललेलं ह्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर मला जी काही झोप लागली, ती त्या पिसाच्या जोरावर.

"मी घेऊन जाते तिला," मी म्हटलं.

"ह्यांनाही ने," पेरेनेत म्हणाली.

"त्यांना कशाला? तिथं जाऊन काहीतरी बरळतील आणि सगळंच मुसळ केरात."

"आई, तुला जे हवं असतं ते तुला दिसतं." तिच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. "ह्यांना दिसलं नाही तर ते नाही म्हणतील. त्यांनी पाहिलं म्हटलं, तरच मला खरं वाटेल."

पोटची पोर असं बोलल्यावर काय करणार? मी टोपली तागाच्या कापडानं झाकली आणि गोशेच्या हातात दिली.

वाटेत त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. एरवी हा गप्प बसावा म्हणून मी देवाला साकडं घालते. त्या दिवशी मीच त्याला बोलतं केलं.

"जावईबापू, स्पष्टच विचारते. तिथं बापाला शपथ घ्यावी लागते. हात संताच्या अस्थींवर ठेवून. तुम्ही घ्याल ना?"

"जे पाहीन त्याची घेईन."

"आणि उगाच फाटे नाही ना फोडणार?"

"सासूबाई, खोटी शपथ घेणाऱ्याचं मेल्यावर काय होतं ते मी तुमच्याइतकंच मानतो. घंटेबद्दल शंका घेतली म्हणून मला देव नाही असं समजू नका."

"मग मातेवर विश्वास ठेवायला काय जातं तुमचं?"

त्यानं टोपली दुसऱ्या हातात घेतली. "काही जात नाही. पण मला ठेवता आला पाहिजे ना," तो म्हणाला.

वर उदीन भेटली. देवळातलं हे काम तीच बघते. तोंडाची तिखट, पण लेकरांना हात लावताना बाई लोण्यासारखी होते. तिनं बाळाला मातेच्या पायाशी दगडावर ठेवलं. भोवती मेणबत्त्या लावल्या, उशाशी निखाऱ्यांची शेगडी आणली आणि हंसाचं एक बारीक पीस ओठांवर ठेवलं.

"हे मास्तर का?" तिनं मला विचारलं. "गारांचे?"

"तेच," मी म्हटलं.

"बरं झालं आले. इथं उभे राहून उगाच नाक खुपसू नका, मास्तर. प्रार्थना म्हणा."

आम्ही गुडघे टेकले. माझे ओठ प्रार्थना म्हणत होते, पण डोळा गोशेवर होता. तो हात जोडून पिसाकडे बघत होता, मग शेगडीकडे, मग पुन्हा पिसाकडे. बाळाच्या गालांवर लाली आली. आणि मग पिसाचं टोक थरथरलं.

"हललं!" उदीन ओरडली. "मातेची कृपा! पाद्रीबाबांना बोलावते, हलवू नका कुणी तिला!" ती मागच्या खोलीकडे धावली.

तिची पाठ वळते न वळते तोच गोशे उठला. अंगरख्याचं टोक हाताला गुंडाळून त्यानं शेगडी उचलली आणि दूर खांबापाशी नेऊन ठेवली. मेणबत्त्याही फुंकून टाकल्या. पीस जागच्या जागी बसलं.

"मेल्या, काय केलंस हे!" जावयाला असं म्हणायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती.

"थांबा," तो म्हणाला. "जरा थांबा."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं होतं हा जिंकल्यासारखा दिसेल. तो तर लेकीच्या तोंडाशी वाकला होता, नाक जवळजवळ तिच्या नाकाला लावून. "हल ना गं," तो पुटपुटत होता. "आता हल. आता हललीस तर खरं. एकदाच, बाळा."

मीही बघत होते. मी श्वास रोखून बघत होते. माते, आता ह्याला दाखव, असं मनात म्हणत होते. पीस हललं नाही.

आतून पावलं वाजली.

"श्वास नाही, सासूबाई," तो सरळ होत म्हणाला. "गरम हवा वर जाते. त्यानंच—"

"शेगडी ठेवा होती तिथं."

"तुम्ही पाहिलंत ना?"

"ठेवा म्हणते ना! तिकडं माझी पोर मरेल!"

त्यानं शेगडी आणली. ह्या खेपेला हाताला काही गुंडाळलं नव्हतं. मी मेणबत्त्या पेटवल्या. पाद्री आले तेव्हा पीस हलत होतं.

त्यांनी घाईघाईनं पाणी घातलं आणि ओदेत असं नाव ठेवलं. मग संताच्या अस्थींची चांदीची पेटी पुढं केली. "मास्तर, तुमच्याबद्दल पुष्कळ ऐकलंय मी. तुमच्यासारख्याची साक्ष म्हणजे मातेचाच मोठा मान. ह्या लेकरानं स्वतःच्या श्वासानं पीस हलवलं, हे तुम्ही पाहिलंत?"

मला वाटलं आता सगळं संपलं. गोशेनं भाजलेला हात पेटीवर ठेवला.

"पाहिलं," तो म्हणाला.

ओदेतला आम्ही तिथंच, मातेच्या आवारात पुरलं.

घरी पेरेनेत दाराकडं डोळे लावून पडली होती. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. "तुम्ही पाहिलंत? स्वतः?"

गोशे तिच्याशेजारी बसला. "पाहिलं. पीस हललं. श्वास होता तिचा."

ती रडली, खूप रडली. मग दोन घास पावाचे खाल्ले, रस्सा प्यायली आणि झोपली. माझी पोर वाचली. निश्चिंत मनानं कामाला लागावं, असाच तो दिवस होता.

पण मला काही सुचेना. चुलीपाशी बसले तरी मला लिएनारच दिसायला लागला. त्याच्या वेळीही थंडी होती. त्याच्या उशाशी शेगडी होती का? होती. उजव्या बाजूला. इतकी वर्षं मला पीस तेवढं आठवायचं. आता शेगडी दिसत होती. माझ्या लिएनारला वर काय मिळालं मग? तो आहे कुठं?

गोशे हाताला लोणी लावत बसला होता. राहवेना म्हणून मी विचारलंच.

"जावईबापू, माझ्या लिएनारच्या वेळी श्वास असेल ना हो? सगळ्यांचंच काही शेगडीनं होत नसेल."

त्यानं वर बघितलं. जरासुद्धा थांबला नाही.

"होता, सासूबाई," तो म्हणाला. "त्याचा श्वास होता."

पेरेनेतशी बोलला होता त्याच आवाजात. कालपर्यंत हा माणूस एक शब्द खोटा बोलत नव्हता. काल तो असं म्हणाला असता तर मी गावभर सांगत सुटले असते. आता मी नुसती त्याच्या तोंडाकडं बघत बसले, आणि हे खरं की खोटं, मला काहीच कळेना.