हवालदार दिग्रसहून कसा परत आला

मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या आईचाही बसला नसता, आणि ती तर शेळीला शिंकताना पाहून पाऊस सांगणारी कुत्री होती. तरी सांगतो. ऐकून झाल्यावर माना डोलवायच्या की हसायचं, ते तुमचं तुम्ही बघा.

मित्रांनो, मी एक जुना कुत्रा आहे. नवा कधी होतो ते आता कुणाला आठवत नाही. नाव हवालदार. माझा जन्म सोयाबीनच्या गंजीखाली झाला. त्या दिवशी दिग्रसपर्यंत जमीन हादरली असे आई सांगायची. गावातले लोक म्हणतात, ते मळणीचे मशीन सुरू झाले होते. असेल. दोन्ही एकदमच झाले असेल.

विठ्ठलरावांनी मला दुपट्ट्यात बांधून घरी आणले. मी दुसऱ्याच दिवशी छाती काढून दारात बसलो, म्हणून त्यांनी माझे नाव हवालदार ठेवले. पुढे बारा वर्षे मी त्यांचे वावर राखले. एकदा तर मी असा भुंकलो की तीन रोही, म्हणजे नीलगायी, पळत सुटले ते थेट उमरखेडला जाऊन थांबले. परत येताना एसटीने आले म्हणे. विठ्ठलराव पारावर बसून सांगायचे, "असं कुत्रं जिल्ह्यात नाई." मी शेपटीने होकार द्यायचो.

पण मित्रांनो, कौतुक पारावर होत असते. घरात खोडी मोजल्या जातात.

आमच्या घरात प्रत्येकाला मी थोडा वेगळा हवा होता. मुलगा अक्षय म्हणायचा, याने माझ्या गाडीवर भुंकू नये. मी रोज भुंकायचो. अहो, गाडी रोज जाते, रोज येते, आणि एकदाही सांगून जात नाही. कुणीतरी विचारायला नको?

सूनबाई दिपालीचे दुःख वेगळे. मी तिची चप्पल पळवायचो. दोन्ही नाही, एकच. ती ओरडायची, "सासूबाई, पाहा ना, पुन्हा एकच हाय!" तिला वाटायचे मला चामड्याची हौस आहे. तिची चप्पल तर रबराची. खरी गोष्ट अशी की, लग्न होऊन आली त्या वर्षी ती एकदा रागाने माहेरी निघाली होती आणि घर चार दिवस सुनेसुने होते. तेव्हापासून मी काळजी घेतो. एका चपलेवर माणूस माहेरी जात नाही.

मालकीण कोकिळाबाईंची तक्रार देवाधर्माची होती. आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेच्याच्या दिवशी वावरात सीतादही करतात. पऱ्हाटीच्या झाडाजवळ पाच खडे मांडून हळदकुंकू वाहतात, दहीभाताचा नैवेद्य ठेवतात आणि मगच बोंडाला हात लावतात. गेल्या वर्षी सगळ्या बाया डोळे मिटून हात जोडून उभ्या होत्या. डोळे उघडले तेव्हा खडे पाचच्या पाच होते आणि भात नव्हता. देवीने मला स्वतः खूण केली होती. पण ते सांगायचे कसे? कोकिळाबाईंनी मला पऱ्हाटीच्या काडीने वावराच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत पिटाळले आणि संध्याकाळी भाकरीवर तूप घालून दिले. रागात त्यांच्या हातून तूप जास्त पडते.

शिवाय मी आळशी आहे असे सगळ्यांचे मत होते. वावरापर्यंत जाताना मी तीनदा बसतो. एकदा चिंचेखाली, एकदा नाल्यावर आणि एकदा उगीच.

आणि शेवटची खोड, जिच्यामुळे हे सगळे झाले. मी कापसावर झोपतो.

कापूस वेचून आणला की विक्रीपर्यंत आमच्या मागच्या खोलीत त्याचा ढीग असतो. पार आढ्याला टेकतो. मित्रांनो, तुम्ही कधी त्या ढिगावर झोपला नसाल तर तुम्हाला झोप म्हणजे काय ते माहीत नाही. खोलीच्या दाराची कडी दोन वर्षांपासून तुटलेली. कोकिळाबाई म्हणायच्या, "कडी बसवा." विठ्ठलराव म्हणायचे, "उद्या बसवतो." मी नाकाने दार ढकलायचो आणि ढिगात गळ्यापर्यंत शिरायचो. माझा रंग काळा. केस गळतात. वय झाले की तुमचेही गळतील.

विठ्ठलरावांना आपल्या कापसाचा मोठा अभिमान. वेचताना पानाचा एक तुकडा राहिला तरी ते स्वतः काढून टाकत. "माह्या कापसात कचरा दाखव अन् मिशी काढून ने," असे ते शेजारच्या सदाशिवरावांना दरवर्षी म्हणत. सदाशिवराव दरवर्षी मिशीकडे पाहत.

यंदा कापूस पिकअपमध्ये भरला तो पहाटेच्या अंधुक उजेडात. भरणाऱ्यांनी ढीगच्या ढीग उचलून टाकला. त्यात मीही होतो. झोप मोडली नाही, मग उठायचे कशाला? जाग आली ती दिग्रसच्या एका जिनिंग कारखान्याच्या फाटकात. कापूस तपासणाऱ्याने ढिगात हात घातला आणि मूठ बाहेर काढली. पांढऱ्या कापसात काळे केस. त्याने पुन्हा हात घातला तो माझ्या पोटाला लागला. मी उठून उभा राहिलो, अंग झटकले आणि जांभई दिली.

"विठ्ठलराव," तो म्हणाला, "कापूस इकाले आनला का कुत्रं?"

सारे जिनिंग हसले. रांगेतल्या गाडीवाल्यांनी एकमेकांना बोलावून दाखवले. नेमके सदाशिवरावही मागच्या गाडीत होते. ते म्हणाले, "विठ्ठलराव, मिशी काढाले वस्तरा मागवू का?"

मालकांचा चेहरा मी बारा वर्षांत तसा पाहिला नव्हता. ते ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "आता माह्या घरात एक तं कापूस राहीन, नाई तं हे कुत्रं. ज्याले पायजे त्यानं न्यावं."

फाटकावरचा राखणदार भावसिंग पुढे आला. "मले द्या, काकाजी. जीव लावीन मी त्याले." मालकांनी मान हलवली. गाडी रिकामी झाली, निघाली. मी तिच्यावर भुंकलो. या वेळी तिने खरोखरच सांगायला हवे होते.

भावसिंग भला माणूस. त्याने दूध ठेवले, भाकर ठेवली, गळ्यात दोरी बांधताना दोनदा विचारले, "घट्ट तं नाई ना, राजा?" मी अन्नाला तोंड लावले नाही. दुसऱ्या दिवशी थोडे मटण खाल्ले, पण ते त्याचे मन राखायला. बाकी वेळ मी रस्त्याकडे तोंड करून बसायचो. येणारी प्रत्येक गाडी दुसऱ्याच कुणाची असायची.

इकडे घरी काय झाले ते मला नंतर आमच्या शेळीने सांगितले. दिपालीच्या दोन्ही चपला रोज दारात जोडीने असायच्या आणि ती त्या पाहून थांबायची. अक्षय गाडी बंद करून उगीच क्षणभर अंगणात उभा राहायचा. कोकिळाबाई रोज एक भाकर जास्त थापायच्या आणि ताटात शिल्लक राहिली की म्हणायच्या, "सवय हाय हाताले." मागच्या खोलीत दुसऱ्या वेच्याचा कापूस आला होता, पांढराशुभ्र, एकही केस नाही. विठ्ठलराव दारात उभे राहून त्याच्याकडे पाहायचे आणि तसेच परत फिरायचे.

आता नीट ऐका, कारण इथूनच तुमचा विश्वास डळमळणार आहे.

पाचव्या दिवशी मी दोरी दाताने तोडली आणि चालत घरी आलो. एकटा. अठरा किलोमीटर. वाटेत नदी लागली, ती मी एका दमात ओलांडली. पाणी उलटे वाहत होते, तरीही. एका वळणावर वाघ बसला होता. मी त्याला विचारले, "गावाकडे हाच रस्ता ना?" त्याने उठून वाट दिली आणि पुढच्या फाट्यापर्यंत सोबत केली. वाटेत एसटी थांबली, कंडक्टर म्हणाला, "हवालदारसाहेब, बसा." मी नको म्हणालो. स्वाभिमान म्हणून एक गोष्ट असते.

योगायोगाने त्याच दुपारी विठ्ठलरावही आपल्या जुन्या मोपेडवर दिग्रसला गेले होते. फवारणीचा पंप दुरुस्त करायला. पण आमची भेट झाली नाही. दिग्रस मोठे आहे.

मी अंगणात शिरलो तेव्हा दिपालीच्या हातातला तांब्या खाली पडला. ती माझ्या गळ्याला मिठी मारून बसली. कोकिळाबाई चुलीजवळून उठल्या, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा आत गेल्या. भाकरीच्या टोपलीचे झाकण वाजलेले मी ऐकले. सदाशिवराव आमच्याच ओट्यावर पान खात बसले होते. त्यांच्या तोंडातले पान तसेच राहिले.

दहा मिनिटांनी मालकांची मोपेड आली. मला पाहून ते मोठ्याने म्हणाले, "अरे! हे कसं आलं गा?"

"तेच तं मी विचारून राह्यलो," सदाशिवराव म्हणाले. "तुमी तं देऊन टाकलं होतं. एक तं कापूस, नाई तं कुत्रं म्हने."

"म्या देल्लं होतं. आता त्यानंच नाई आयकलं तं म्या काय करू? पाय फुटले त्याले, आलं चालत."

"हे? वावरापर्यंत तीनदा बसते हे."

"इमानी जनावर हाय, सदाशिवराव. अठरा किलोमीटर आलं. वाटेत वाघाचा माग होता, म्या डोळ्यानं पाह्यला. आता एवढ्या दुरून आलेल्या जिवाले हाकलाचं कसं, सांगा." मालकांनी घाम पुसला. "पाप लागीन."

सदाशिवराव विचारात पडले. वाघ आला की माणूस विचारात पडतोच.

आतून दिपाली म्हणाली, "मामाजी, पंप दुरुस्त झाला का? तो तं कोठ्यातच पडला हाय."

"इसरलो न्याचा," मालक म्हणाले. "वय झालं."

आणि म्हणून मित्रांनो, माझी तुम्हाला हात जोडून, म्हणजे पुढचे दोन्ही पाय जोडून विनंती आहे. घरच्या कुत्र्याच्या खोडी मोजत बसू नका. त्याची जी खोड तुम्हाला नको असते, तिच्या तळाशी तुम्हीच कुठेतरी असता. त्याला हाकलाल तर खोड जाईल, पण दारात दोन्ही चपला जोडीने पाहून बरे वाटणार नाही. माझेच पाहा. मी एकटा, उपाशी, अठरा किलोमीटर, वाघातून आणि उलट्या नदीतून, कुणाच्याही मदतीशिवाय, या चार पायांवर चालत...

तेवढ्यात कोकिळाबाई भाकर घेऊन बाहेर आल्या. त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली. वर बोटभर तूप होते. मग त्या मालकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या, खाली वाकल्या आणि त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावरून चिमटीने काहीतरी उचलून उन्हात धरले.

"चालत आलं म्हन्ता," त्या सदाशिवरावांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या. "मंग तुमच्या दोन्ही गुडघ्यांले हे काळे केस कोनाचे? वाघाचे?"

मालकांनी माझ्याकडे पाहिले. मी भाकरीकडे पाहिले.

"आनलंच हाय तं राहू द्या," कोकिळाबाई म्हणाल्या. "पन आज त्या दाराले कडी बसवा."