जोडीची किल्ली

कुलूपवाल्याच्या लेकीला सगळे भिंगरी म्हणत. ही नऊ वर्षांची भिंगरी शाळेच्या रांगेत उभ्याउभ्या झोपली, फरशीवर आपटली आणि हनुवटीला तीन टाके पडले. टाके घालताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ही झोपते कधी? उत्तर कुलूपवाल्याच्या बायकोनं दिलं : पहाटे, पांघरुणातला उजेड विझला की.

कुलूपवाला असा तापला, की डोक्यावर पितळ ठेवलं असतं तर वितळलं असतं. घराखालच्या दुकानात जाऊन त्यानं लेकीच्या टॅबसाठी लोखंडी पेटी ठोकली आणि तिला असं कुलूप केलं, की चोरांनी लांबूनच बघून धंदा बदलावा. संध्याकाळी पेटी बंद झाली. सकाळी भिंगरीचे डोळे लालभडक, कुलपावर मात्र साधा ओरखडा नाही.

दुसरं कुलूप पहिल्याच्या दुप्पट. तिसरं इतकं जड, की कुलूप पेटीला लावायचं की पेटी कुलपाला, हेच कळेना. डोळे तसेच. तो टॅब बनवणाऱ्यांवर चिडला, त्यात नाचणाऱ्यांवर चिडला, टॅब भेट देणाऱ्या मेव्हण्याचा तर त्यानं सात पिढ्यांसकट उद्धार केला. शेवटी लेकीसमोर कानस आपटून म्हणाला, "कशानं उघडतेस? तारेनं?"

"किल्लीनं," भिंगरी म्हणाली. "तुमच्या फळीवर असते की."

बावीस वर्षांची सवय ती. कुलूप झालं की जोडीची किल्ली करायची आणि चिठ्ठी बांधून फळीला टांगायची. तिन्ही किल्ल्या तिथं लटकत होत्या, त्याच्याच अक्षरात 'पोरीची पेटी' असं मिरवत. बायको पदरात तोंड लपवून हसली, तसा तो आणखी भडकला.

"आणि बाबा, तुमचा मोबाइल का नाही पेटीत?" भिंगरीनं विचारलं. "दोन-दोन वाजेपर्यंत तुम्ही एकटेच हसत असता. मला जाग येते. मग मीपण काढते टॅब."

तोंडाशी आलेली शिवी टाके बघून त्यानं गिळली. मोबाइल पेटीत आदळला, तिसरं कुलूप लावलं, त्याची फळीवरची किल्ली कानशीनं घासून गुळगुळीत केली आणि हातातली बायकोपुढे टाकली. सकाळपर्यंत मागितली तरी द्यायची नाही, म्हणाला.

जेवणानंतरच्या तासाभरात त्यानं ती तीनदा मागितली. प्रत्येक वेळी बायकोनं ऐकूच न आल्यासारखं केलं. चौथ्यांदा तो तावातावानं खोलीत शिरला, तर भिंगरी तोंड उघडं टाकून घोरत होती. बायकोनं ओठांवर बोट ठेवलं. दात खात, पण पाय न वाजवता, तो बाहेर आला.