चोकची मूठ

वडील गेले, तरी त्यांची जुनी पिकअप भंगारात घालायची नाही, असं लेकीने ठरवलं होतं. इंजिन पार कामातून गेलेलं. वडिलांचे दोस्त मेकॅनिककाका तीन आठवडे खपले आणि त्यांनी नव्या गाडीचं इंजेक्शनवालं इंजिन गिअरबॉक्ससकट तिच्यात बसवलं.

"चोकची मूठ काढतो. या इंजिनाला चोक नसतो," ते म्हणाले होते.

"राहू द्या, काका. बाबांच्या हाताने गुळगुळीत झालीय."

"बापासारखीच हट्टी!" म्हणत काकांनी त्या मुठीमागे पेट्रोलच्या टाकीतल्या पंपाचा स्विच जोडून दिला.

आज तिने पहिल्यांदा चावी फिरवली. स्टार्टर घरघरला, इंजिन मात्र ढिम्म. काकांनी फ्यूज पाहिले, वायरी पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. "सगळं मुसळ केरात!"

तिला आठवलं: बाबा आधी मूठ ओढायचे, मग चावी. तिचा हात आपसूक मुठीकडे गेला. तिने ती ओढली आणि चावी फिरवली. मागे पंप गुणगुणला आणि इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

काकांनी जीभ चावली. "स्विच मीच जोडला आणि मीच विसरलो!"

"बसा शेजारी," ती डोळे पुसत हसली. "आजवर तिथे मी बसायचे."