साहेबांचं हृदय आणि बोटभर फरक

ताई चौदा वर्षं स्कॅन विभागात एकच काम करत होती: छातीची दोन चित्रं एकमेकांवर नीट बसवायची. सीटी स्कॅन एका दमात उरकतो. हृदयाला रक्त किती पोचतं ते दाखवणारा पेट स्कॅन मात्र दहा मिनिटं चालतो, आणि तेवढा वेळ माणूस श्वास घेतोच. मग दोन चित्रांत हृदय बोटभर इकडेतिकडे होतं. ते जुळवलं नाही, तर धडधाकट हृदयाचाही एखादा भाग रक्तावाचून काळा दिसतो.

विभागप्रमुख साहेबांना ही निव्वळ हमाली वाटे. त्यांनी आपोआप जुळवणी करणारं सॉफ्टवेअर मागवलं आणि ‘हे चुकतच नाही’ असं दहा ठिकाणी सांगून ठेवलं. रुग्णालयाच्या विश्वस्तांना ते दाखवायच्या दिवशी तर साहेब स्वतःच यंत्रात जाऊन झोपले. हौसेला मोल नाही.

पडद्यावर हिरवी खूण आली: जुळलं. आणि साहेबांच्या हृदयाची डावी भिंत काळीठिक्कर!

ताईला मात्र दिसत होतं, हृदयाची कड सरळ फुप्फुसात घुसली होती.

“साहेब, जुळणी चुकलीय. दोन मिनिटं द्या, मी हाताने...”

“काही चुकलेलं नाही!” साहेबांना दरदरून घाम फुटला होता. एक तर सॉफ्टवेअर खोटं, नाहीतर हृदय बाद. त्यांनी विश्वस्तांकडे पाहिलं आणि हृदयावर पाणी सोडलं. “बघितलंत? मला पत्ताही नव्हता. या सॉफ्टवेअरनं माझा जीव वाचवला!”

टाळ्या पडल्या. खरेदी मंजूर झाली. साहेब आजारपणाच्या रजेवर गेले.

चौथ्या दिवशी साहेबांची बायको ताईसमोर येऊन बसली. रडून रडून डोळे सुजलेले.

“खरं सांगा ताई, किती दिवस आहेत यांचे?”

ताईने चित्रं उघडली, एक बोटभर सरकवलं. काळा डाग पुसल्यासारखा नाहीसा झाला. “वहिनी, हृदय ठणठणीत आहे.”

“यांना माहितेय हे?”

“त्याच संध्याकाळी फोन केला होता मी. म्हणाले, कुठे बोलू नका.”

वहिनींनी पदराने डोळे पुसले. “चार दिवस मी या माणसाला चमच्याने भरवतेय,” त्या म्हणाल्या. “याचे दोन कागद छापून द्या. एक सासूबाईंना हवा. त्यांनी परवापासून अन्न सोडलंय.”

दुसऱ्या दिवशी साहेब नऊच्या ठोक्याला कामावर हजर. तब्येत विचारायची कुणाची छाती झाली नाही. दुपारी त्यांचा लेखी आदेश ताईच्या टेबलावर आला: ‘सॉफ्टवेअरने केलेली प्रत्येक जुळणी हाताने तपासून दुरुस्त करावी. अहवालात मात्र तसा उल्लेख करू नये.’

ताईने तो दोनदा वाचला. पेन काढलं, खाली लिहिलं, ‘उल्लेख करणार,’ आणि सही करून कागद परत पाठवला.