अडतीमागच्या शाळेचा पहिला प्रश्न

भूममध्ये लेकरू कुठल्या शाळेत घालावं हे ठरवायला कुणाला आकडेमोड लागत नाही. शेजारीण घालते तिथं आपणही घालायचं. कुणी तसं केलं नाही, तर त्या दोघींचं भांडण झालंय असं खुशाल समजावं. पण मंजुषाचं डोकं निराळं होतं. ती शिक्षण खात्याच्या तालुका कार्यालयात कंत्राटावर संगणकाचं काम करायची. शाळाशाळांचे आकडे दिवसभर तिच्या हातून जायचे, आणि ज्याच्या हातून दिवसभर पेढे जातात त्याला एखादा चाखून बघावासा वाटणारच.

यंदा चाखायला कारणही होतं. तिची अर्पिता गल्लीतल्या ज्या खाजगी शाळेत जायची ती शाळाच बंद पडली होती. दुसरीला आता गावातल्या चार सरकारी शाळांपैकी एक निवडायची होती. अर्पिताचे वडील बालाजी वेशीतल्या शाळेत गुरुजी. त्यांच्या दृष्टीनं निवडायचं काही नव्हतंच.

"चाचणीत आमची शाळा गावात पहिली आलीय. अजून काय पाहिजे?" ते म्हणाले.

मंजुषाला काय पाहिजे होतं ते तिला नीट माहीत होतं, पण नवऱ्याला सांगायचं कसं ते कळत नव्हतं. अर्पिता बोलायची बंद झाली होती. मुकी नव्हे, जेवायला वाढ, वेणी घाल, एवढं बोलायची. पण दोन वर्षांपूर्वी मुंगीला सर्दी होते का म्हणून अख्ख्या घराला भंडावून सोडणारी पोर आता काही विचारतच नव्हती. कुणी तिला विचारलं तर आधी बापाच्या तोंडाकडं बघायची. बालाजी काही मारकुटे नव्हते, जीव लावायचे लेकीला. पण गुरुजी ते गुरुजी. जेवताना सुद्धा त्यांच्या तोंडून "चूक. परत सांग," निघायचं, घासाबरोबर मीठ लावावं तितक्या सहज. पोर हळूहळू आटत चालली होती, आणि ती पुरती आटायच्या आत कुठंतरी पोचवावी एवढीच मंजुषाची इच्छा होती.

म्हणून तिनं मार्चच्या चाचणीचे आकडे उघडले. निकाल सगळ्यांना खुला होता, बघायची तसदी मात्र कुणी घेत नव्हतं. चारही शाळांतल्या पहिलीच्या एकेका मुलाला समोर बसवून गणिताचे तोंडी प्रश्न विचारले होते. बरोबरला एक, चुकीला शून्य, आणि मूल काही बोललंच नाही तर आडवी रेघ. सगळे बेरजेकडं धावतात, मंजुषा रेघा मोजत बसली.

वेशीतल्या शाळेत रेघाच रेघा होत्या. पोरं येत होतं ते चोख सांगत होती, आणि जरा शंका आली की गप्प बसत होती. चौथी, म्हणजे शेवटची आली होती अडतीमागची शाळा. धान्याच्या अडत दुकानांमागं दोन खोल्या. हमाल, मापाडी आणि मेंढरं वळणाऱ्यांची पोरं तिथं जायची. तिथं रेघ जवळजवळ नव्हतीच. चुकलं तर चुकलं, पण प्रत्येक पोर प्रत्येक प्रश्नाला काहीतरी बोललं होतं.

मंजुषा खुर्चीत पुढं सरकली. मग तिला दुसरी गंमत दिसली. पहिला प्रश्न सगळ्यांत सोपा: समोरचे वीस चिंचोके मोठ्यानं मोजून दाखव. अडतीमागच्या शाळेतल्या एकूण एक पोराला त्यात शून्य. आणि शेवटचा प्रश्न सगळ्यांत अवघड, गोष्ट सांगून वजाबाकी विचारायची, त्यात हीच पोरं गावात सगळ्यांच्या पुढं. ज्याला वीस मोजता येत नाहीत त्याला त्यातून आठ वजा कसे करता येतील? अजून रांगता न येणारं लेकरू अंगणात कुस्ती जिंकून आलं म्हणावं, तसला प्रकार. तिला हसूही आलं आणि राहवेना. तो पहिला रकाना बाजूला ठेवला तर ही शाळा चौथीवरून थेट दुसरी येत होती.

परीक्षक म्हणून एका शाळेचे गुरुजी दुसऱ्या शाळेत पाठवले होते. अडतीमागच्या शाळेसमोर नाव होतं बालाजी गुरुजींचं.

संध्याकाळी भाकरी थापता थापता तिनं सहज विचारावं तसं विचारलं, "अहो, त्या अडतीमागच्या पोरांना मोजताच येत न्हाय का?"

"सुरुवातच चुकत होती त्यांची. एक म्हणतच नव्हती."

"मग काय म्हणत होती?"

"काहीबाही." बालाजींनी पाण्याचा तांब्या उगाच हलवला. "पत्रकात स्वच्छ लिहिलं होतं, एकपासून क्रमानं म्हटलं तरच बरोबर. नियम म्हणजे नियम. आणि हे बघ, कुठंही जा, पळसाला पानं तीनच. उगा शाळा हिंडू नको."

तांब्या उगाच हलला की हा माणूस काहीतरी गिळतो, हे मंजुषाला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. ती म्हणाली, "शनिवारी सकाळची शाळा असते. तुम्हाला त्या दिवशी सुट्टी टाकायचीच हाय दाढेसाठी. दवाखान्यात जाता जाता डोकावू तिघं." दाढेचं नाव काढल्यावर बालाजी नरमले. दुखऱ्या दाढेचा माणूस भांडत नाही.

शनिवारी अडत दुकानांपुढं पोत्यांच्या थप्प्या लागल्या होत्या. त्यांना वळसा घालून ती तिघं शाळेत पोचली तेव्हा करिश्मा मॅडम दुसरीच्या पोरांना गोल बसवून चिंचोके वाटत होत्या. अणदूरकडच्या होत्या त्या, वयानं लहान, पण आवाज खणखणीत. बालाजींना बघून त्यांनी नमस्कार केला आणि जरा ताठ उभ्या राहिल्या. या गुरुजींनी दिलेल्या गुणांनी आपली शाळा तळाला गेली, एवढं त्यांना माहीत होतं. पण कशात गेली ते माहीत नव्हतं, कारण शाळेला नुसती बेरीज कळवली जायची, आणि प्रश्नागणिक गुण उघडून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"एक विचारू, मॅडम?" मंजुषा म्हणाली. "तुमची पोरं मोजतात कशी ते बघायचंय."

"कृष्णराज, मोज रे," मॅडम म्हणाल्या.

बटण तुटलेल्या सदऱ्यातला एक पोरगा पुढं सरकला. त्यानं पहिला चिंचोका बोटानं ओढला आणि ठसक्यात म्हणाला, "लाभ!" मग दुसरा, "दोन." तिसरा, "तीन." आणि सरळ वीसपर्यंत, एकही न चुकता.

मंजुषा बघतच राहिली. लाभ! धान्याचं माप टाकताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. तिच्या माहेरी म्हणायचे, सासरी म्हणतात, बाहेर अडतीवर काट्याजवळ उभा असलेला मापाडी पहिल्या पोत्याला आजही तेच म्हणतो. या पोरांचे बाप रोज तेच म्हणतात. मग पोरं दुसरं काय म्हणतील?

"फळ्यावरचा आकडा वाचायला सांगा, एकच म्हणतील," करिश्मा मॅडम म्हणाल्या. "वस्तू मोजायची म्हणली की लाभ. दोन्हीतला फरक त्यांना पक्का कळतो. पण का बरं? काय झालं?"

मंजुषानं नवऱ्याकडं बघितलं. "काहीबाही म्हणजे हे व्हय?"

बालाजींचा हात गालावर गेला, पण ते दाढेचं दुखणं नव्हतं. "पत्रकात एक होतं," ते पुटपुटले.

"आणि खळ्यावर मामंजी काय म्हणतात?"

बालाजींचे वडील बब्रुवान उभ्या आयुष्यात कधी धान्याला एक म्हणाले नव्हते, आणि लहानपणी खळ्यावर माप ओढताना बालाजीही लाभच म्हणत आले होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून त्यांनी शून्यं भरली होती, एकामागून एक, सुवाच्य अक्षरात. मंजुषाला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी कीवही आली. एवढ्या हुशार माणसाला स्वतःच्या घरातला शब्द कागदापुढं चूक वाटावा, ह्याला काय म्हणावं?

"मॅडम, चूक माझी हाय," बालाजी शेवटी म्हणाले. "सोमवारी कार्यालयात जातो अन् लिहून देतो." करिश्मा मॅडमना सगळा उलगडा करून सांगेपर्यंत त्यांचे कान लाल झाले होते. मॅडम आधी रागावल्या, मग हसल्या, मग पुन्हा थोड्या रागावल्या.

इकडं मोठ्यांचं चाललं होतं तोवर कृष्णराजनं अर्पिताला हाताला धरून गोलात बसवलं होतं आणि तिच्यापुढं मूठभर चिंचोके ओतले होते. "मोज की!"

अर्पितानं सवयीनं बापाकडं बघितलं. बाप मॅडमशी बोलत होता. तिनं हळूच बोट टेकवलं. "एक."

"एक न्हाय, लाभ!" सगळा गोल एकदम ओरडला आणि खिदळला.

मंजुषाला वाटलं, संपलं. आता पोर मिटणार, ओठ आवळणार, आणि आपण आकड्यांच्या नादानं हिला नको तिथं आणून बसवलं असं होणार. ती पुढं झाली. पण अर्पिताच्या कपाळावर आठी पडली होती, आणि ती आठी मंजुषाच्या ओळखीची होती. दोन वर्षांत दिसली नव्हती.

"का?" अर्पिता म्हणाली.

"एक म्हणलं की ते एकटंच राहतंय," कृष्णराजनं समजावलं. "लाभ म्हणलं की त्याच्यामागं दुसरं येतंय. माझे अप्पा म्हणतेत."

अर्पिता विचारात पडली. मग चिंचोक्यांच्या ढिगाच्या पार दुसऱ्या टोकाला बोट ठेवून म्हणाली, "मग शेवटच्याला काय म्हणायचं?"

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. कृष्णराजनं डोकं खाजवलं. करिश्मा मॅडम म्हणाल्या, "अगं बाई, हे मला कधी कुणी विचारलंच न्हाय." आणि मग सगळ्या पोरांनी, खोलीत सगळ्यांत मोठा कोण हे बघून, माना बालाजींकडं वळवल्या. "सर, तुम्ही सांगा!"

अर्पितानंही वर बघितलं. बापाला सगळं येतं, हे तिला जन्मापासून माहीत होतं.

बालाजींनी चिंचोक्यांकडं बघितलं, लेकीकडं बघितलं. गालावरचा हात खाली आला.

"मला न्हाय माहीत," ते म्हणाले.

अर्पिता गुडघ्यावर उठून बसली आणि सगळ्या गोलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी सांगू? शेवटच्याला 'अजून' म्हणायचं!"

बालाजींच्या जिभेवर नेहमीचं 'चूक' आलं. पण ते त्यांनी गिळलं. पोरांना जरा सरकायला सांगून, कडक इस्त्रीच्या पँटीसकट ते लेकीशेजारी मांडी घालून बसले.